पुतळ्याच्या नाकाखालची सावली

शहरातल्या पुतळ्यांना आपण नेहमी खालून पाहतो, आणि खालून पाहिलं की त्यांच्या पाठीशी आभाळच असतं. चौथरा उंच, पुतळा काळसर ब्रॉन्झचा, मागे लख्ख उजेड. चेहरा दिसू दे म्हणावं, तर आकाश पांढरंफटक पडतं. ढग वाचवावेत, तर सेनापती, घोडा आणि तलवार मिळून एकच काळा ठिपका होतो. इमारतींचीही तीच तऱ्हा. एक भिंत उन्हात तळपत असते आणि तिच्याच शेजारची कमान इतकी अंधारी, की आत दार आहे की नुसतं भोक, हेही कळू नये.

हे भांडण मिटवायला एचडीआर, म्हणजे ‘हाय डायनॅमिक रेंज’ छायाचित्रण, आहे. ट्रायपॉड रोवायचा, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) पक्के करून ठेवायचे, फक्त शटरचा वेग बदलत एकाच दृश्याचे तीन किंवा पाच फोटो काढायचे: काही मुद्दाम अंधारे, काही मुद्दाम उजळ. मग संगणकावर त्यांची मोट बांधायची. अ‍ॅपर्चरला हात लावायचा नाही, कारण ते बदललं की फोकसची खोली बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. कृती एवढीच. खरी गंमत मोट बांधून झाल्यावर सुरू होते.

प्रकाशाचा हिशेब दुपटीने चालतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आजचे चांगले सेन्सर साधारण १४ स्टॉप पकडतात, म्हणजे सर्वांत अंधारी आणि सर्वांत उजळ जागा यांत १६,३८४ पटींचा फरक. तीन फोटो जोडले की हा आकडा आणखी वाढतो. पण ज्या कागदावर ते सगळं छापायचं, त्याचा पांढरा आणि त्याचा काळा यांत जेमतेम शंभरेक पटींचं अंतर असतं, म्हणजे सहा-सात स्टॉप. प्रकाश गोळा करणं आता सोपं झालंय. तो कागदात कोंबायचा कसा, हा प्रश्न उरतो. या कोंबण्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि माणसाची आवडनिवड उघडी पडते ती इथेच.

धडपड जुनी आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राचे फोटो काढले, तेव्हाची निगेटिव्ह निळ्या रंगाला फाजील संवेदनशील होती आणि आकाश हमखास जळून जायचं. त्याने आकाश एका निगेटिव्हवर घेतलं, समुद्र दुसऱ्यावर, आणि क्षितिजावर दोन्ही जोडून टाकले. नशीबवान माणूस. त्याचा सांधा एक सरळ रेघ होता. आपल्या वाट्याला घोड्याची आयाळ येते. पुढे चार्ल्स वायकॉफने अणुस्फोटाच्या फोटोंसाठी कमी-जास्त संवेदनशीलतेचे तीन थर एकाच फिल्मवर बसवले. १९९७मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी साध्या फोटोंच्या मालिकेतून दृश्यातल्या खऱ्या प्रकाशाचा नकाशा कसा काढावा, याचं गणित मांडलं. त्यांच्या निबंधातलं गाजलेलं उदाहरण एका वास्तूचंच आहे: स्टॅनफर्डचं चर्च, १६ फोटो, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत. रंगीत काचांच्या खिडक्या आणि कोपऱ्यातला अंधार, दोन्ही हाताला लागले. २००३मध्ये फोटोमॅटिक्स हे एचडीआरचं सॉफ्टवेअर आलं, २००५मध्ये फोटोशॉपमध्येही सोय झाली, आणि नंतरची काही वर्षं जगातल्या प्रत्येक इमारतीवर जणू वादळ घोंघावत होतं. ढग कोळशाने रेखाटलेले, विटांची प्रत्येक भेग ओरडणारी, आणि पुतळ्यांच्या मागे प्रभावळ.

या प्रभावळीबद्दल थोडं सांगायला हवं. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करतं आणि त्यावरून तो किती उजळ ठेवायचा ते ठरवतं. पुतळ्याला खेटून असलेल्या आकाशाचे शेजारी काळेकुट्ट. त्यामुळे सॉफ्टवेअरची समजूत होते की हा भाग अंधारा आहे, आणि ते तिथलं आकाश कमी दाबतं. थोड्या अंतरावरचं आकाश मात्र पुरतं दाबलं जातं. परिणामी ज्याने हयातभर लढाया केल्या, त्याच्या डोक्यामागे संतपणाचं तेजोवलय उमटतं. परिणामाचा जोर ठरवणारा स्लायडर जरा मागे घेतला की संतपण उतरतं.

पण प्रभावळ डोळ्यांत खुपते, म्हणून ती सुधारली तरी जाते. त्याहून मोठा घोटाळा कुणाला खुपत नाही. ‘शॅडोज’ नावाचा स्लायडर उजवीकडे ओढला की नाकाखालची, भुवयांखालची, वस्त्रांच्या चुण्यांमधली सावली भरून निघते. सगळं ‘दिसू’ लागतं. आणि पुतळा सपाट होतो. दगडाला रंग नसतो. शिल्पकाराला काळा हवा असेल, तर तो खोल कोरतो. इटालियन शिल्पकार बर्निनीने १६६५मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा अर्धपुतळा केला, तेव्हा तो हेच समजावून सांगायचा: डोळ्यांभोवतीचा निळसरपणा संगमरवरात दाखवायचा असेल, तर तिथे दगड खोलवर पोखरावा लागतो. मूळ चेहऱ्यावर तिथे खड्डा नसतो, पण पुतळ्यात तो असल्याशिवाय चेहरा त्या माणसाचा वाटत नाही. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची नजर इतक्या उंचावरूनही पोचते, ती बाहुल्यांच्या जागी कोरलेल्या खाचांतल्या अंधारामुळे. म्हणजे ती सावली शिल्पकाराने स्वतःच्या हाताने घातलेली असते. ती पुसणं हे कुणाच्या तरी रेखाचित्रातली शाई खोडण्यासारखंच झालं.

वास्तूतही हेच. प्राचीन इजिप्तमध्ये बाहेरच्या, उन्हातल्या भिंतींवर आकृती बहुधा आत खोदत, म्हणजे कडांची सावली धारदार पडे. आतल्या मंद उजेडात उठावाचं नाजूक काम चाले. ग्रीक मंदिरांतल्या डोरिक खांबाला साधारण वीस पन्हळी असतात. त्या नसत्या, तर दुपारच्या उन्हात तो नुसता पांढरा पट्टा दिसला असता. काँक्रीटच्या इमारतींवरचे जाडजूड ऊनरोधक कठडे तर सावलीसाठीच जन्माला आलेले. सगळं उजळून टाकलं की त्यांची भिंतीवरची नक्षी होते, आणि वास्तुरचनाकाराने उगाच काँक्रीट वाया घालवलं असं वाटू लागतं.

‘डोळ्यांना जसं दिसतं तसं एचडीआर दाखवतं’ हे नेहमीचं समर्थन मला अर्धंच पटतं. बाहुली दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत उघडली, तरी प्रकाशात सोळा पटींचाच फरक पडतो. बाकीचं काम डोळ्याचा पडदा आणि मेंदू करतात. शिवाय डोळा एका वेळी एकच जागा बघतो. आधी ढग, मग चेहरा, मग चौथऱ्यावरची अक्षरं. म्हणजे डोळाही ब्रॅकेटिंगच (कमी-जास्त उजेडाच्या फोटोंची मालिका) करतो म्हणा. पण चेहऱ्याकडे पाहताना तो ढगांचा हट्ट धरत नाही.

म्हणून आता संपादनात मी आधी विचारतो, हे बनलंय कशाचं? ब्रॉन्झचा काळेपणा हा त्या धातूवर चढलेल्या थराचा रंग आहे, उजेडाची कमतरता नव्हे. तो उचलला की ब्रॉन्झचं सिमेंट होतं. तिथे मी आकाशापुरता मास्क (बदल तेवढ्याच भागावर रोखणारा पडदा) करून फक्त ढग खाली आणतो आणि खांद्यावर, गुडघ्यावर चमकणारे बारीक कवडसे जपतो. संगमरवराचं उलट. तो प्रकाश थोडा आत घेऊन परत देतो, आणि त्याची सगळी नजाकत उजळ भागात असते, तेव्हा मालिकेतला सर्वांत अंधारा फोटो तिथे खरा कामाचा. अनीश कपूरच्या शिकागोतल्या ‘क्लाउड गेट’सारख्या आरशी शिल्पाची कथा आणखी निराळी. पोलादाचे १६८ पत्रे जोडून घासून गुळगुळीत केलेलं ते शिल्प आकाश आणि इमारती अंगावरच वागवतं. मास्क लावणार कुठे? वर त्यात माणसं फिरत असतात, आणि तीन फोटो जोडले की एकाची तीन होतात.

कबुतरांचंही तसंच. पुतळा निश्चल, पण त्याच्या डोक्यावरचा पक्षी नाही. हललेल्या गोष्टींची अशी दुहेरी-तिहेरी ‘भुतं’ घालवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती कधी कबुतराचं डोकं ठेवते आणि पंख घालवते. तेव्हा एकाच फोटोतलं पूर्ण कबुतर उचलून वरून लावावं. झेंडे आणि झाडांची पानं यांच्यापुढे मात्र हात टेकलेले बरे.

आणि कधी कधी या सगळ्याची गरजच नसते. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाशाची निळाई आणि खिडक्यांतले दिवे तोलामोलाचे होतात. तेव्हा एक नीट काढलेली रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) पुरते.

१९०८मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनने शिल्पकार रोदँने घडवलेला फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचा पांढरा प्लास्टरचा पुतळा पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या बागेत चांदण्यात टिपला. लांबच लांब एक्स्पोजर, आणि त्यांतून मिळाली ती जवळपास नुसती आकृती. तपशील म्हणावा तर फारसा नाहीच. रोदँ त्या फोटोंवर बेहद्द खूश झाला. तेच दृश्य आजच्या एखाद्या फोनच्या हाती पडलं असतं, तर त्याने बाल्झाकच्या झग्याची एकेक चुणी मोजून दिली असती. फोन विचारत नाही, हा त्यातला त्रास. गूगलच्या एचडीआर प्लसच्या मूळ पद्धतीत तर एकसारख्याच कमी उजेडाचे बरेच फोटो झटपट घेऊन त्यांची बेरीज होते आणि गोंगाट (अंधारात उमटणारे दाणेदार ठिपके) निघून गेलेल्या सावल्या वर उचलल्या जातात. तंत्र म्हणून लाजवाब आहे. फक्त कुठे थांबायचं, हे ते शिल्पकाराला विचारून ठरवत नाही.

आता नवे पडदे आलेत, जे खरोखर जास्त उजळू शकतात. फाइलमध्येच दोन रूपांमधला फरक साठवायचा, म्हणजे जुन्या पडद्यावर साधा फोटो दिसेल आणि नव्यावर ढग खरेच चमकतील, अशी सोय २०२३च्या अँड्रॉइड १४पासून अँड्रॉइड फोनमध्येही आली. तिथे कोंबाकोंबी कमी: आकाशाला त्याचा उजेड देता येतो आणि ब्रॉन्झला त्याचा काळोख. कागदावर अजून तीच शंभर पटींची खोली, सगळ्यांना दाटीवाटीने बसवायचं. तिथे मी ढगांना थोडं फिकं होऊ देतो, आणि ‘आकाश उडालंय’ ही तक्रार ऐकून घेतो.