उजेड एका दाराने, नजर दुसऱ्या

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मूर्तीच्या वर टांगायची माटवी बांधण्यासाठी मान वर करून उभा असताना माझ्या उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखे झाले. मी दुर्लक्ष केले. दोन दिवसांनी नाकाच्या बाजूने, खालून, एक काळसर सावली चढू लागली तेव्हा मात्र धीर सुटला. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, वरच्या बाहेरच्या बाजूला फाटून मागच्या थरापासून सुटत होता. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून बिघाड वर आणि सावली खाली. देवगड तालुक्यातल्या शाळेत बत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवूनही हे मला तपासणीच्या खुर्चीत बसल्यावरच सुचले.

शस्त्रक्रिया कोल्हापुरात, डोळ्यापुरती भूल देऊन झाली. खोलीतले दिवे मालवल्याचे मला जाणवले आणि थोड्याच वेळात एक उजेड डोळ्याच्या आतच फिरू लागला. त्याच्यापुढून मधूनमधून एक बारीक काडी सरके. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे भीतीपेक्षा कुतूहल अधिक वाटले. पुढच्या भेटींत मी डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडले आणि त्यांनीही, ‘सर, तुम्हाला समीकरणासकट सांगावे लागणार,’ असे म्हणत सारे उलगडून सांगितले.

बाहुली काळी का दिसते, हा प्रश्न मी मुलांना नेहमी घालत असे. आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच परततो आणि त्या वाटेवर डोके नेले, तर आपलेच डोके उजेड अडवते. हेल्महोल्ट्झने 1851 साली ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, जगापुढे ठेवला, त्यात उजेड आणि नजर एकाच रेषेत आणण्याची युक्ती होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या धड्यात ज्यांचे नाव आम्ही शिकवतो, तेच हे हेल्महोल्ट्झ. त्या उपकरणामुळे जिवंत माणसाचा पडदा नीट पाहता येऊ लागला. तरीही सुटलेला पडदा बसवण्यासाठी त्यातले छिद्र शोधून बंद करावे लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी सिद्ध करेपर्यंत विसाव्या शतकाची पहिली काही दशके उलटली. ते छिद्र पुष्कळदा पडद्याच्या कडेला, सहज न दिसणाऱ्या जागी असते. म्हणूनच या शस्त्रक्रियेचा निम्मा जीव पाहण्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

1970च्या दशकाच्या आरंभी नेत्रशल्यविशारद रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीत शिरून आतला जेलीसारखा पदार्थ, व्हिट्रिअस, काढण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे हेल्महोल्ट्झची ती एकच रेषा दुभंगली. नजर बाहुलीतून, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांतून आत जाते. उजेड मात्र डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाडलेल्या वेगळ्या छिद्रातून, काचतंतूच्या नळीने नेला जातो. त्याला लाइट पाइप म्हणतात. 23 गेजची अशी नळी सुमारे 0.6 मिलिमीटर जाडीची असते. सूक्ष्मदर्शकाचाच दिवा वापरला, तर बुबुळावरून आणि भिंगावरून परतणारी चकाकी पाहणाऱ्याला आंधळे करते. उजेड आतूनच आला की ती चकाकी उरत नाही.

खरी गंमत पुढे आहे. व्हिट्रिअस पारदर्शक असतो आणि त्याचा पडद्याला चिकटलेला एखादा धागा राहिला, तर तोच पुन्हा पडदा ओढतो. जे पारदर्शक आहे ते पाहायचे कसे? आमच्या जुन्या घराच्या माजघरात भरदुपारी काचेच्या कौलातून कवडसा उतरे आणि चुलीचा धूर फक्त त्या कवडशातच दिसे. दार उघडून घर उजळले की धूर नाहीसा झाल्यासारखा वाटे. शल्यविशारद हेच करतो. झोत थेट पाडण्याऐवजी तिरपा ठेवला की त्याच्या कडेला व्हिट्रिअसचे धागे धुक्यासारखे उमटतात. तेवढ्याने भागले नाही, तर ट्रायॅमसिनोलोन या औषधाचे पांढरे कण सोडतात आणि ते धाग्यांना चिकटून त्यांची जागा दाखवतात.

जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणे, हा समज इथे टिकत नाही. नळी पडद्याच्या जवळ नेली की उजेडाची तीव्रता झपाट्याने वाढते. अंतर निम्मे झाले, तर ढोबळमानाने चौपट. हा उजेड, विशेषतः त्यातला निळा भाग, पडद्याला इजा करू शकतो. म्हणून पिवळसर गाळण्या वापरतात, नळी दूर ठेवतात आणि मध्यबिंदूवर झोत रेंगाळू देत नाहीत.

एका हातात उजेड धरला की कामाला एकच हात उरतो. त्यावर उपाय म्हणून पांढऱ्या भागात रोवून ठेवायचा दिवा निघाला, त्याचे नाव शँडेलिअर, म्हणजे झुंबर. आमच्या देवळाच्या सभामंडपातली हंड्या-झुंबरे आठवून मला हसू आले, पण नाव चपखल आहे: वरून सगळीकडे सारखा उजेड आणि दोन्ही हात मोकळे. एक हात बाहेरून डोळा दाबून पडद्याची कड नजरेच्या टप्प्यात आणतो, दुसरा तिथला व्हिट्रिअस कापून ती मोकळी करतो. झुंबराचा उजेड पसरट असल्याने सावल्या मात्र फिक्या पडतात, म्हणून धागे शोधताना हातातली नळीच बरी, असे डॉक्टरांचे मत. बुबुळाच्या वर टांगलेले रुंद टप्प्याचे भिंग शंभर अंशांहून अधिक पडदा एका नजरेत दाखवते, पण उलटा. तो सूक्ष्मदर्शकातल्या आणखी एका जोडणीने सुलटा करून घ्यावा लागतो. डोळ्यात हवा भरली की छिद्र नीट दिसत नाही, म्हणून त्याआधीच त्याची कड चटका देऊन पांढरी करून ठेवतात.

शेवटी छिद्राभोवती लेझर मारून डोळ्यात वायू भरला होता. उंचीवर वायू फुगतो, म्हणून तो विरेपर्यंत घाट उतरून पुन्हा चढायचा नाही, या अटीवर मी कोल्हापुरातच भाच्याकडे राहिलो.

वायू विरल्यावरच्या तपासणीत डॉक्टरांनी डोक्याला दिव्याचा पट्टा बांधला, हातात भिंग धरले आणि मला वर, खाली, बाजूंना पाहायला लावले. उजेड आणि नजर पुन्हा एका वाटेने निघाली होती. या भिंगातही चित्र उलटे दिसते, म्हणून त्यांनी कागद उलटा धरून माझ्या पडद्याचे चित्र काढले, लेझरचे ठिपके एकेक करून मांडले, आणि मग तो कागद फिरवून माझ्या हातात दिला.