जेरेमी ब्रेटचा होम्स आणि माझा मामा

परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर इंग्लिश नट जेरेमी ब्रेटची शेरलॉक होम्सची जुनी टीव्ही मालिका लावली, एकच भाग बघू म्हणत तीन बघून झाले. आमच्या घरी होम्स आला तो भालबा केळकरांच्या अनुवादातून, आजोबांच्या कपाटात ती पुस्तकं होती, त्यामुळे माझा होम्स आधी मराठीत बोलायचा. चेहरा मात्र ब्रेटनेच दिला आणि तो काही केल्या बदलत नाही, नंतर कितीही होम्स आले तरी.

ब्रेट मुळात नाटकवाला. जन्म १९३३ चा, खरं आडनाव हगिन्स. वडील लष्करात अधिकारी, पोरगा नट होणार म्हटल्यावर घराण्याचं नाव त्यात नको असं त्यांनी सांगितलं, मग याने स्वतःच्या सुटाच्या लेबलवरचं 'ब्रेट' उचललं. ईटनसारख्या शाळेत शिकला, पण डिस्लेक्सिया होता, वाचायला त्रास व्हायचा, आणि हाच माणूस पुढे शेक्सपिअरची पल्लेदार वाक्यं तोंडपाठ म्हणायचा! लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये बरीच कामं केली, 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि हा बॅसॅनिओ. त्याआधी १९६४ च्या 'माय फेअर लेडी' मध्ये फ्रेडी (आपल्या 'ती फुलराणी'चं मूळ जे शॉचं नाटक, त्यावरचाच हा सिनेमा). स्वतः चांगला गायचा तरी त्यात आवाज दुसऱ्याचा वापरला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग १९८४ मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनडा टीव्हीने होम्स सुरू केला. होम्स काय खातो, कुठला तंबाखू ओढतो, कसा बसतो, सगळं मूळ कथांमधून काढून ७७ पानांची एक फाईल केली होती. ब्रेट सेटवर मूळ कथांचं पुस्तक घेऊन यायचा आणि स्क्रिप्ट कथेपासून सुटली की भांडायचा. १० वर्षं, ४१ भाग. पण फाईल वाचून कोणी होम्स होत नाही ना. त्याचे हात बघा एकदा. क्लायंट बोलत असताना हा डोळे मिटून निपचित बसलेला, बोटांची टोकं एकमेकांना टेकलेली, आणि मधेच एक हात असा हवेत उडतो की समोरचा गप्पच. हसू येतं ते क्षणभर, विजेसारखं, आलं कधी नि गेलं कधी कळत नाही. सुरुवातीच्या भागांत तर सोफ्याच्या पाठीवरून टुणकन उडी मारतो, तेव्हा पन्नाशीचा होता बरं का.

आणि मग शेवटचे भाग बघितले की पोटात तुटतं. चेहरा सुजलेला, अंग जड, श्वास लागलेला. १९८५ च्या जुलैमध्ये त्याची बायको जोन विल्सन कॅन्सरने गेली, त्यानंतर तो पार कोसळला, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार) असल्याचं निदान झालं, त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं. त्यात लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन हृदय आधीच खराब झालेलं. औषधांनी अंगात पाणी धरायचं, वजन वाढायचं, आणि तरी हा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा. 'द मॅझारिन स्टोन' च्या वेळी तर इतका आजारी की होम्सचं बरंचसं काम भावाला, मायक्रॉफ्टला द्यावं लागलं.

या भागांखाली लोक लिहितात, किती जाडा झाला, आधीचा राहिला नाही. मला ते वाचवत नाही, कारण माझा मामा गेली कित्येक वर्षं लिथियमवर आहे. ठरलेल्या महिन्यांनी रक्त तपासायचं, हात थरथरतात म्हणून चहाचा कप अर्धाच भरायचा, आणि लग्नकार्यात प्रत्येकजण पहिलं वाक्य हेच टाकणार, "काय रे, किती सुटलास!" तो नुसता हसतो. आजाराबद्दल कोणी विचारत नाही, पोटाबद्दल सगळे बोलतात.

म्हणून मला ब्रेटचं जास्तच कौतुक वाटतं की त्याने लपवलं नाही, शेवटच्या दिवसांत बायपोलर रुग्णांच्या संस्थेसाठी रेडिओवरून आवाहनसुद्धा केलं. आणि त्याआधी, १९८८ च्या 'द डेव्हिल्स फूट' मध्ये, त्याने अजून एक केलं. लहान मुलं आपला होम्स बघतात हे त्याला कळलं होतं आणि कथांमधला होम्स कोकेनची इंजेक्शनं घेतो, ते त्याला खुपायला लागलं होतं. मग होम्सचा लेखक कॉनन डॉयल याच्या मुलीची परवानगी घेऊन कथेत नसलेला एक प्रसंग घातला. कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा, होम्स एकटा, वाळूत खड्डा करतो, सिरिंज त्यात ठेवतो आणि वाळू लोटतो. डायलॉग एकही नाही. मूळ कथेच्या एका एका शब्दासाठी भांडणाऱ्या माणसाने स्वतःहून एवढाच बदल मागून घेतला.

१२ सप्टेंबर १९९५ ला लंडनच्या घरी झोपेतच गेला, हृदय थांबलं, वय ६१. रविवारी मामाकडे जातेय, त्याला होम्स दाखवणारे. आधी सोफ्यावरच्या उडीचा भाग लावणार होते, पण आता वाटतंय तो वाळूतला आधी लावावा.