१९ जानेवारी : फुटपाथवरच्या फलकापलीकडे

आज १९ जानेवारी. २००७ साली याच दिवशी इस्तंबूलच्या शिश्ली भागात 'आगोस' या तुर्की-आर्मेनियन साप्ताहिकाच्या दारात त्याचे आर्मेनियन संपादक ह्रांत दिंक यांना गोळ्या घातल्या. ते पडले तिथे फुटपाथवर आता त्यांच्या नावाचा फलक आहे. दिवसभर फीडवर त्यांचेच फोटो. पण तुर्कस्तानातल्या आर्मेनियन लोकांची रोजची कोंडी बंदुकीपेक्षा कागदानेच जास्त केली आहे.

कशी, ते बघा. १९३५च्या कायद्यानुसार प्रत्येक धार्मिक न्यासाने १९३६मध्ये आपल्या मालमत्तेची यादी सरकारला दिली. नुसती यादी. पुढे चर्च, शाळा, दवाखान्यांना देणग्या आल्या, त्यांनी जमिनी घेतल्या, रीतसर नोंदीही झाल्या. १९७४मध्ये वरिष्ठ न्यायालयाने (खटला खरा तर इस्तंबूलमधल्या ग्रीक समाजाच्या एका हॉस्पिटलचा) ती यादीच न्यासाची घटना, म्हणजे नियमावली, ठरवली. 'नवी मालमत्ता घेऊ' असं तिच्यात लिहिलेलं नाही, म्हणजे १९३६नंतरची खरेदी बेकायदा! जमीन मूळ मालकाकडे किंवा सरकारजमा, मोबदला शून्य. सातबाऱ्याच्या फेऱ्यात पिढ्या घालवलेल्यांना यातली मेख लगेच कळेल.

इस्तंबूलच्या तुझला भागातलं 'कँप आर्मेन' असंच गेलं. १९६२ला घेतलेली जागा, मुलांनी हातांनी उभारलेलं अनाथाश्रम. दिंक त्याच मुलांपैकी एक. २०१५मध्ये बुलडोझर आला, लोक आत ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे ती परत मिळाली.

सरकारच्या २०११च्या आदेशाने काही मालमत्ता परतल्या, त्याही १२ महिन्यांत अर्ज केला तरच. आणि न्यासांच्या विश्वस्तांच्या निवडणुका? २०१३मध्ये नियमच रद्द केले, नवे आले थेट २०२२ला. तोवर जुनेच विश्वस्त. कुणी वारलं की खुर्ची रिकामी.