ताईंचा गुडघा आणि संत याकोबाची वाट

कामीनो, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो शहरातल्या संत याकोबाच्या कबरीकडे जाणारी यात्रेची वाट, चालून आल्यापासून ओळखीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "वारीसारखंच असतं ना?" नसतं. वारीला तिथी असते, पालखी असते, दिंडीत आपली जागा ठरलेली असते. इथे निघायचा दिवस ठरलेला नाही आणि बरोबरची माणसंही नाहीत. ज्याने त्याने आपल्या सवडीने निघावं आणि सान्तियागोला पोचावं. पूर्वी लोक खरोखरच घराच्या उंबऱ्यापासून चालायला लागायचे. म्हणून तर स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या त्या एका कथीड्रलकडे युरोपभरातून वाटा येतात. त्यातली सगळ्यात गजबजलेली ती 'फ्रेंच वाट'. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर गावापासून पिरेनीज ओलांडून सुमारे 780 किलोमीटर. सुट्टी आणि माझ्या नणंदेचे गुडघे यांचा मेळ घालून आम्ही लेऑन शहरापासून, म्हणजे शेवटचे तीनशेच्या वर किलोमीटर चालायचं ठरवलं.

बेत नणंदेचाच, म्हणजे ताईंचा. आमच्या आगाशीच्या चर्चचे आश्रयदाते संत याकोब. "जन्मभर ज्यांच्या नावाच्या चर्चमध्ये बसले, त्यांची कबर तरी बघू दे," असं त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या. येशूच्या बारा शिष्यांपैकी जब्दीचा मुलगा याकोब, त्यांची कबर सान्तियागोत आहे, ही श्रद्धा नवव्या शतकापासूनची. इतिहासकार त्यावर मान डोलावत नाहीत. ताईंना इतिहासकारांशी देणंघेणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागल्यावर मलाही राहिलं नाही.

चालणं तसं साधं. क्रेदेन्सियाल नावाची घडीची पुस्तिका घ्यायची, मुक्कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये, चहाच्या टपरीएवढ्या बारमध्येसुद्धा तीवर शिक्का मारून घ्यायचा. मुक्काम आल्बेर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. बूट दाराबाहेरच्या फळीवर. आत एकावर एक पलंग. दुपारी पोचलं की आंघोळ, मग मागच्या अंगणातल्या दगडी हौदावर घामट कपडे घासायचे. मोजे रात्रीतून वाळले नाहीत तर सेफ्टी पिनने सॅकला लटकवून दुसऱ्या दिवशी चालता चालता वाळवायचे. सकाळी आठच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात, आजारी नसाल तर दुसरी रात्र नाही. आधी मला हा नियम तुसडा वाटला. नंतर कळलं की त्या वेळात दोन माणसं चाळीस गाद्या झाडतात, संडास घासतात आणि दुपारी नव्या चाळीस जणांना हसून पाणी देतात. बऱ्याच ठिकाणी ही माणसं बिनपगारी असतात, स्वतः कधीतरी ही वाट चाललेली, आणि आपल्या सुट्टीतले पंधरा दिवस देऊन आलेली. त्यांना ओस्पितालेरो म्हणतात.

राबानाल हे डोंगराखालचं गाव तर अशाच माणसांवर उभं आहे. तिथली एक धर्मशाळा इंग्लंडमधल्या संत याकोबाच्या बंधुसंघाची, त्यामुळे दुपारी चक्क दुधाचा चहा मिळतो! समोर बेनेडिक्टाइन संन्याशांचा छोटा मठ. संध्याकाळी पडक्या भिंतींच्या चर्चमध्ये ते लॅटिनमधून प्रार्थना गातात. शेवटी 'साल्वे रेजिना' सुरू झालं आणि शेजारी ताई गुणगुणायला लागल्या. सासूबाईंना चर्चमधल्या जुन्या मिस्साविधीतली लॅटिन गीतं पाठ होती, अर्थाचा पत्ता नसताना. ताईंनी ती चुलीपाशी बसून ऐकलेली. संन्याशांच्या आणि त्यांच्या चालीत थोडा फरक होता. ताईंच्या मते चूक संन्याशांची.

दुसऱ्या दिवशी क्रुस दे फेर्रो. सुमारे पंधराशे मीटर उंचीवर लाकडी खांब, त्याच्या टोकाला लोखंडी क्रूस आणि खाली शतकानुशतकं यात्रेकरूंनी टाकलेल्या दगडांचा ढीग. घरून दगड आणायचा, ओझं म्हणून तिथे टाकायचा, अशी प्रथा. आता दगडांबरोबर फोटो, चपला, प्लॅस्टिकची खेळणी, काय वाट्टेल ते असतं. मला ते फारसं रुचलं नाही. खरं ओझं पुढे होतं. तिथून मोलिनासेकापर्यंत जवळजवळ नऊशे मीटरचा उतार, सगळा सुट्या पाटीच्या दगडांचा. चढ छातीला लागतो, उतार गुडघ्याला. संध्याकाळपर्यंत ताईंचा उजवा गुडघा नारळाएवढा झाला. ओस्पितालेरो आजोबांनी काही न विचारता फ्रीझरमधून गोठलेल्या मटारची पिशवी आणली, टॉवेलात गुंडाळली, गुडघ्यावर ठेवली आणि घड्याळ दाखवून वीस मिनिटांची खूण केली. वीस मिनिटांनी पिशवी परत घेऊन गेले. रात्रीच्या जेवणात मटार होते की नाही, ते मी बघितलं नाही.

व्हियाफ्रांका गावात संत याकोबाचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला 'क्षमेचं दार' म्हणतात. आजारपणामुळे पुढचा डोंगर चढता येणार नाही, त्या यात्रेकरूला या दारापर्यंत आलं तरी सान्तियागोला पोचल्याचं पुण्य, अशी जुनी सवलत. मी पाटी वाचून दाखवली. ताई पायरीवर बसल्या.

"म्हणजे मी इथूनच परत फिरले तरी चालेल ना गं?"

"ताई, दार बंद आहे. पवित्र वर्षातच उघडतं. 25 जुलै, संत याकोबाचा सण, रविवारी येईल तेव्हा."

"मग चल पुढे," म्हणाल्या. "बंद दाराचं पुण्य नको मला."

पण ओ सेब्रेइरोचा घाट त्या पायी चढल्या नाहीत. पायथ्याच्या एर्रेरियास गावात भाड्याने घोडी मिळतात. ताई आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसल्या, तेही रेनकोट घालून. मी मागून चिखल आणि लीद तुडवत. माथ्यावर पोचले तेव्हा त्या गवती छपराच्या गोल दगडी घरांपाशी गरम सूप पीत बसल्या होत्या.

माथ्यावरच्या या ओ सेब्रेइरो गावात मी थांबायचं आधीच ठरवलं होतं, ते एका पिवळ्या बाणासाठी. आज ही वाट चालताना नकाशा लागत नाही. दगडावर, विजेच्या खांबावर, गोठ्याच्या भिंतीवर पिवळा बाण असतोच. शेकडो वर्षांचा वाटावा असा. प्रत्यक्षात तो 1980च्या दशकातला. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी या वाटेवरच प्रबंध लिहिला होता, पण प्रबंध वाचून कोण चालणार? वाट तेव्हा विस्मरणात गेलेली, कुठे शेतात बुडालेली, कुठे महामार्गाखाली. वर्षाकाठी थोडेच लोक यायचे, आणि चुकायचे. फादरांनी रस्त्यावर पट्टे मारून उरलेला पिवळा रंग मिळवला, आपल्या सिट्रोएन गाडीत डबे टाकले आणि पिरेनीजपासून बाण काढत सुटले. डोंगरात पोलिसांनी हटकलं तेव्हा "फ्रान्सकडून मोठी स्वारी आणायची तयारी चालू आहे," असं उत्तर दिल्याचं सांगतात. 1987 साली युरोप परिषदेने या वाटेला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, 1993 साली युनेस्कोच्या यादीत ती आली. फादर मात्र 1989 सालीच गेले. गावात त्यांचा अर्धपुतळा आहे. 2024 साली सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयात जवळपास 5 लाख लोकांची नोंद झाली. स्वारी आलीच म्हणायची.

त्या स्वारीची खरी गर्दी सारियापासून. पायी शेवटचे 100 किलोमीटर केले की प्रमाणपत्र मिळतं, आणि सारिया त्याच्या जरा अलीकडे. म्हणून शाळेच्या सहली, स्पीकरवर गाणी, पाठीवर ओझं नसलेले ताजेतवाने लोक. लांबून आलेले त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात. चालण्यातही सोवळंओवळं! मला त्याचा राग येतो. पुढे धरणाच्या पाण्यावर पोर्तोमारीन लागतं. 1960च्या दशकात जुनं गाव बुडालं, तेव्हा सान निकोलासचं चर्च दगड सुटे करून वर आणून पुन्हा बांधलं. दगडांवरचे आकडे अजून वाचता येतात. ताई भिंतीवर बोट फिरवत आकडे शोधत होत्या, आणि त्यांना वाचून दाखवायला सारियाहून निघालेली शाळकरी पोरंच पुढे आली. आम्ही लेऑनहून निघालो की घरून, हे कुणी विचारलं नाही.

मेलीदेत ऑक्टोपस खाल्ला. उकडून, कात्रीने कापून, लाकडी ताटलीत, वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि लाल तिखट. मऊ होता, पण आमच्याकडची माकली त्याहून चवदार. हे मी मासळी खाणाऱ्या माणसाच्या अधिकाराने लिहिते आहे.

सान्तियागोत कबरीसमोर ताई किती वेळ गुडघ्यावर होत्या ते सांगत नाही. रखवालदाराने खूण केल्यावर उठल्या, आणि उठायला त्यांना मी आणि एक कोरियन मुलगा, असे दोघे लागलो. तो मोठा धूपदान, बोताफुमेइरो, आठ माणसं दोराने झुलवतात तो, त्या दिवशी झुलवला नाही. रोज झुलवत नाहीत, एवढ्यासाठी कुणी हिरमुसू नये.

कार्यालयात प्रमाणपत्रासाठी ताईंनी पुस्तिका पुढे केली आणि स्वतःहूनच कबुली दिली, "हॉर्स. ओ सेब्रेइरो." काउंटरवरच्या मुलीने सारियानंतरचे शिक्के पाहिले, तारखा जुळवल्या आणि लॅटिनमधलं प्रमाणपत्र हातात दिलं. घोडा सारियाच्या बराच अलीकडे होता, तो तिच्या हिशेबात येतच नव्हता.

25 जुलै आता रविवारी येते आहे ती 2027 साली. ज्यांना शांतपणे चालायचं आहे त्यांनी ते वर्ष टाळावं, धर्मशाळेत पाय ठेवायला जागा मिळणार नाही. ताईंचं म्हणणं उलट आहे. व्हियाफ्रांकाचं दार तेव्हा उघडं असेल. गुडघ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी करायचं की नंतर, एवढाच वाद सध्या घरात चालू आहे.