आणखी चार व्हॉल्व्ह लावले की 300 वॉट मिळतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच: "माझा अ‍ॅम्प्लिफायर दोन व्हॉल्व्हवर छान चालतो. आणखी चार लावून 300 वॉट करता येईल का?"

व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचं म्हणाल, तर येईल. केटी88 या पॉवर व्हॉल्व्हच्या एका जोडीतून 100 वॉट काढता येतात, तीन जोड्यांतून 300. अ‍ॅम्पेग कंपनीचा एसव्हीटी 1969 साली आला तो असाच, बास गिटारसाठी: सहा पॉवर व्हॉल्व्ह, 300 वॉट. त्याचे सुरुवातीचे नमुने रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वापरले. वजन मात्र स्पीकर सोडून 35 किलोंच्या वर. व्हॉल्व्ह बिचारे काचेचे, आत पोकळ. ते वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचं.

म्हणून मी आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरचा, हिशेब करतो. सहा केटी88 ना 1,900 ओहमच्या आसपास लोड दिला, तर 300 वॉटला प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांवर) साधारण 750 व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरचं जे लोखंड 50 हर्ट्झला हे जेमतेम सोसतं, ते 25 हर्ट्झला निम्मेच व्होल्ट सोसतं. म्हणजे 300 चे उरले 75 वॉट. बास गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला वाजते, तेव्हा हे पुस्तकी दुखणं नाही. बरं, वेढे वाढवावेत, तर प्रायमरी आणि सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) यांची पकड सैल होते आणि झांजेची किणकिण जाते. मग थोडी प्रायमरी, वर कागद, थोडी सेकंडरी, पुन्हा प्रायमरी, असे थर द्यावे लागतात. बुधवार पेठेतल्या वाइंडरला मी हे कागदावर काढून दिलं. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेब, स्टॅबिलायझरचा सांगा, संध्याकाळी देतो."

त्यानंतर बायस, म्हणजे गाणं नसतानाही प्रत्येक व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणं. सहाही व्हॉल्व्ह एकाच पॉटवर (फिरवून जुळवायच्या रेझिस्टरवर) टांगू नका. त्यांतला एखादा हावरट निघतो, जास्त करंट ओढतो आणि त्याची प्लेट, म्हणजे करंट गोळा करणारा आतला पत्रा, लाल होते. प्रत्येकाला वेगळा पॉट द्या आणि कॅथोडला, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकाला, 10 ओहमचा रेझिस्टर. त्यावर अर्धा व्होल्ट दिसला की 50 मिलिअँपियर. फिलामेंटचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं, गणितही करून ठेवा. एकाला 6.3 व्होल्टवर 1.6 अँपियर लागतात, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच सहांचे 60 वॉट उष्णतेत गेले.

माझी फजितीही ऐका. स्पीकरची वायर सुटली होती, मला कळलंच नाही. आवाज येईना म्हणून मी व्हॉल्यूम चढवत गेलो. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज भलतंच उसळतं. व्हॉल्व्हच्या बेसच्या (सॉकेटच्या) दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये निळी ठिणगी तडतडली. तीनवर प्लेट, शेजारी दोनवर फिलामेंट. मी स्विच बंद करेपर्यंत तिथे कोळशाची काळी रेघ उमटली होती. असा बेस खरवडून वापरू नये, फेकावा. आता सेकंडरीवर एक जाड वायरवाउंड रेझिस्टर कायमचा जोडलेला असतो, म्हणजे वायर सुटली तरी थोडा लोड राहतो. आणि हो, 600 व्होल्टवरचा 220 मायक्रोफॅरड कपॅसिटर सुमारे 40 जूल धरून बसतो. स्विच बंद केला तरी मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

एवढं करून मिळतं काय? 30 चे 300 वॉट म्हणजे 10 डेसिबल, कानाला जेमतेम दुप्पट. तेवढं तर 88 डेसिबलचा (एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणारा) स्पीकर काढून 98 चा लावला तरी मिळतं, सोल्डरिंग आयर्न गरम न करता. गणपतीच्या मांडवातले जुने भोंगे 30-40 वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर आख्खी गल्ली उठवायचे, ते याच जोरावर.

मी तरी का बनवला म्हणता? हौस. तो अजून तळमजल्यावरच आहे, कारण तिसऱ्या मजल्यावर चढवायला दुसरा माणूस मिळत नाही.