दोनशे चाळीस तास

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, डायरीत चार रकाने असतात. तारीख, काम, तास आणि सही. पहिले तीन आपण भरायचे, चौथा सरांचा. २०१८ च्या जुलैत, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, ती डायरी हातात आली तेव्हा माझं सगळं लक्ष तिसऱ्या रकान्यावर होतं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. एवढं केलं की विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणि वाढीव गुण. होस्टेलवरच्या सीनियर ताईने एवढंच सांगितलं होतं आणि एवढ्यावरच मी नाव दिलं होतं. करमाळ्याहून पुण्यात आले होते, समाजापेक्षा फिजिक्सच्या पेपरची धास्ती जास्त होती.

पहिलंच काम वाट्याला आलं ते कॅन्टीनमागच्या खताच्या हौदांचं. विटांचे दोन हौद, आधीच्या मुलांनी मोठ्या हौसेने बांधलेले. उद्घाटनाचा फोटो तेव्हाही नोटीस बोर्डावर होता. फीत कापणारे सगळे हसत होते. आम्ही झाकण उघडलं आणि आमच्यातली एकजण तडक घरी गेली, ती एनएसएसला पुन्हा कधी दिसली नाही. आत कॅन्टीनचा भात, चहाचा चोथा, भाज्यांची देठं, सांबार, सगळं एकत्र होऊन त्यावर हिरवट पाणी साचलं होतं. कुणीतरी म्हणालं, आंबट ताक टाका. टाकलं. वास दुपटीने वाढला. प्राचार्यांच्या खोलीपर्यंत तक्रार गेली.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी. त्या ‘स्वच्छ’च्या सभासद. ‘स्वच्छ’ म्हणजे कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही तिच्या मागची संघटना. पुण्यात सकाळी दारावर ओला-सुका कचरा मागायला येतात त्या बहुतेक याच बायका. आम्ही नाकाला ओढण्या बांधून उभ्या होतो. ताईंनी काठीने हौद ढवळला आणि म्हणाल्या, “पोरींनो, ही आमटी झाली. खत असं नाही होत. पाला कुठाय तुमचा?”

पाला मैदानाच्या कोपऱ्यात होता आणि रोज संध्याकाळी जाळला जात होता! म्हणजे एका टोकाला सुका पाला पेटवायचा आणि दुसऱ्या टोकाला ओलं कुजवायचं, असा आमच्या कॉलेजचा पर्यावरण कार्यक्रम चालला होता. माळीकाकांच्या हातापाया पडून पाला मिळवला. हौद उपसला (ते वर्णन राहू दे) आणि ताईंनी सांगितलं तसं भरायला घेतलं. एक बादली ओलं, त्यावर तीन बादल्या पाला, मध्ये मूठभर जुनं खत. आठवड्यातून एकदा वरचं खाली, खालचं वर. ओल किती हवी त्याची खूण अशी, की मूठ आवळल्यावर हाताला ओलसर लागलं पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. पुढे पुस्तकात वाचलं की कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं, हवा खेळती लागते, हवा न मिळालेल्या जिवाणूंमुळे वास सुटतो. ताईंनी ते सगळं मुठीत सांगितलं होतं. पंधरवड्यात वास गेला. ढिगात हात घातला तर चटका बसेल इतकी ऊब. अडीच महिन्यांनी चहापावडरीसारखं काळं, भुसभुशीत खत निघालं. डायरीत सरांनी लिहायला लावलं: ‘पर्यावरण संवर्धन, ४६ तास’.

जानेवारीत, विवेकानंद जयंतीच्या आठवड्यात, रक्तदान शिबिर झालं. माझी ड्यूटी चहा-बिस्किटांच्या टेबलावर होती. नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, म्हटलं आपणही देऊ. वजन ४५ किलोच्या वर होतं, तिथे निभावलं. मग बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. त्या पाण्याची घनता अशी ठेवलेली असते की हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त असेल तर थेंब तळाला जातो. माझा थेंब जरासा खाली गेला, थांबला आणि लाल मण्यासारखा तरंगत वर आला. टेक्निशियन दादा म्हणाले, “ताई, तुम्हीच कुणाकडून तरी घ्या.” नंतर नीट तपासलं तेव्हा १०.४ भरलं.

माझ्या रांगेत आम्ही अकरा मुली होतो, त्यातल्या सातजणी परत फिरल्या. सगळ्या हॉस्टेलच्या. आदल्या आठवड्यात आम्ही वस्तीत जाऊन बायकांना ‘पालेभाज्या खा’ असं सांगून आलो होतो, तक्ते वगैरे घेऊन. मेसमध्ये पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि जेवण झालं की लगेच चहा, हे आमचं स्वतःचं चाललेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही म्हणून बजावलं, चहामुळे अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. गोळ्यांनी पोट बिघडायचं, त्या मी तीनदा सोडल्या आणि चौथ्यांदा धरल्या.

सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराबद्दल फार लिहीत नाही. टिकाव, फावडं, घमेलं, सिमेंटच्या गोण्यांचा वनराई बंधारा, पहाटेची प्रभातफेरी, दुपारच्या बौद्धिक सत्रातल्या डुलक्या. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात आंबिल ओढ्याच्या काठी, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत डेंग्यूसाठी पाण्याची भांडी तपासायचं काम आलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायची, एवढं सोपं. निदान आम्हाला वाटत होतं सोपं. एका मावशींच्या दारात निळं पिंप होतं. त्यावर मी मार्करने आमचा नंबर टाकला, ४३. टॉर्च मारला तर आत अळ्या वळवळत होत्या. म्हटलं, “मावशी, हे ओतून द्यावं लागेल.”

“ओत की,” मावशी म्हणाल्या. “आणि नळ उद्या पहाटे येणार. तोवर सहा माणसांचं तू भागवणार का?”

मी गप्प. शेवटी त्यांच्याच जुन्या नऊवारीचा तुकडा दुसऱ्या पिंपावर बांधला, पाणी त्यातून गाळून घेतलं, अळ्या सुक्या मातीत झटकल्या आणि रिकामं पिंप काथ्याने घासलं. एका घराला पाऊण तास गेला. पुढच्या घरांत आम्ही ‘ओतून द्या’ म्हणणं सोडून दिलं आणि फडकं बांधायला लागलो. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्येही पाणी साठतं, हेही तिथेच कळलं. रात्री होस्टेलवर आल्यावर आधी आमचाच ट्रे पाहिला. काय सापडलं ते वॉर्डनना सांगितलं नाही.

एनएसएसची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. म्हणजे २०१९ ला पन्नास वर्षं. आम्ही पोर्चमध्ये एनएसएसच्या बोधचिन्हातल्या कोणार्कच्या चक्राची मोठी रांगोळी काढली, रॅली काढली, तीन भाषणं ऐकली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी रात्री, पुण्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा वस्त्यांत घुसला. अरण्येश्वरला भिंत पडून माणसं गेली. सकाळी पोर्चमधली रांगोळी वाहून गेलेली होती आणि ग्रुपवर सरांचा एकच मेसेज: बूट घालून या.

चिखल घोट्याच्या वर होता. स्कूटर एकमेकींवर चढलेल्या. पहिल्या दिवशी आम्ही काय मदत करणार तेच कुणाला कळेना, आम्हालाही नाही. मावशींच्या घरात भिंतीवर छातीच्या उंचीला ओल्या चिखलाची रेघ होती. त्या दोरीवर रेशनकार्ड, आधार आणि मुलाची दहावीची मार्कलिस्ट चिमटे लावून वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, “पोरी, ते पिंप तेवढं सापडतंय का बघ. पाणी भरायला काही उरलं नाही.”

४३ नंबर तीन गल्ल्या सोडून एका रिक्षाखाली सापडला. पुढचे पाच दिवस आम्ही चिखल उपसला, पाणी शुद्ध करायला त्यात मेडिक्लोरचे किती थेंब टाकायचे ते दारोदार सांगितलं, कुणाचे कुठले कागद गेले त्याच्या याद्या केल्या. आणि पाणी ओसरलं तसं जिथेतिथे डबक्यांत, टायरांत, फुटक्या बादल्यांत ते पुन्हा साठलं, म्हणून टॉर्च घेऊन पुन्हा तेच काम.

तासांची गंमत नंतर झाली. वार्षिक आराखड्यात पूर नव्हता. आराखड्यात नसलेल्या कामाचे तास कसे धरायचे, यावर कॉलेजात बरीच चर्चा झाली आणि शेवटी पाच दिवसांचे मिळून ‘स्वच्छता अभियान, ८ तास’ मंजूर झाले. मी भांडले. सरांनी ऐकून घेतलं आणि सही केली. तिसरा रकाना बदलला नाही.

२०२० च्या जानेवारीत पुन्हा रक्तदान शिबिर, पुन्हा मोरचुदाचं पाणी. दादा वेगळे होते. थेंब पडला, क्षणभर अडखळला आणि सरळ तळाला गेला. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरचा मुलगा दचकला. ३५० मिली दिलं, दोन बिस्किटपुडे खाल्ले आणि चहा मुद्दाम सोडला.

फेब्रुवारीत बेरीज केली तर २३८ भरले. दोन तास कमी. सर म्हणाले, हौद उपसून टाक, होऊन जातील. प्रमाणपत्र पुढे लॉकडाऊननंतर आलं, ते घरी आईच्या ट्रंकेत आहे. त्या दिवशी मी एकटीच फावडं घेऊन कॅन्टीनमागे गेले. ताई बाहेर सुका कचरा वेगळा करत बसल्या होत्या. त्या उठून आल्या, हौदातलं मूठभर खत घेतलं, दाबलं, बोटं उघडून पाहिली.

“जरा पाणी मार,” म्हणाल्या. “सुकलंय.”