माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आणि आजीचा कोंडा

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडताना मी एकच हिशेब केला होता: मासे घरचे आहेत, विकत आणायला नकोत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शेततळ्यात वडील दरवर्षी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. म्हणून विषय घेतला, रोहूची पिल्लं खाल्लेल्यातलं किती वाढीला लावतात आणि किती चरबी म्हणून मागे टाकतात.

पिल्लाला लांबी वाढवायची घाई असते, कारण लहान मासा कुणाच्याही तोंडात मावतो, मग ती मरळ असो की खंड्या. पण सगळंच लांबीत घातलं तर थंडीत खाणं आटल्यावर जाळायला काही उरत नाही. त्यात लहान जीव ग्रॅममागे जास्त ऊर्जा जाळतो. गाठीला कमी आणि खर्च मोठा, अशी गत. उत्तर अमेरिकेत गोठणाऱ्या तळ्यांत बास माशांची त्या वर्षीची पिल्लं हिवाळ्यात मरतात, त्यात बारकी आधी जातात ती यामुळेच. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण 20 अंशांच्या खाली उतरलं की रोहूही खाणं आखडतो.

सप्टेंबरात तळ्यात बांबू रोवून दोन हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, बांधले. प्रत्येकात साधारण 5 सेंटिमीटरची चाळीस पिल्लं. खाद्य नेहमीचंच, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग. एका हाप्यात माशांच्या एकूण वजनाच्या 5 टक्के, दुसऱ्यात त्याच्या निम्मं. मी शनिवार-रविवार घरी यायचे, बाकी दिवस खाद्य घालायचं काम वडिलांकडे.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक हाप्यातले पाच मासे काढायचे. पाण्यात लवंग तेल घालून आधी त्यांना शांत करायचं. हे तेल पाण्यात मिसळत नाही, ते थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावं लागतं. हे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं, त्यामुळे तेल वर तरंगत राहिलं आणि मासे खाली मजेत फिरत राहिले. मग लांबी, टिपकागदाने अंग टिपून वजन, आणि 60 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवणं. वाळलेले पाचही मासे खलात कुटून पुडी सॉक्सलेटमध्ये, म्हणजे चरबी वेगळी काढायच्या काचेच्या उपकरणात. चरबी विरघळवणारं पेट्रोलियम ईथर वाफ होऊन वर चढतं, थेंबथेंब पुडीवर पडतं, नळी भरली की एकदम खाली रिकामं होतं. तासन् तास हेच बघत बसायचं. शेवटी ईथर उडून गेलं की फ्लास्कच्या तळाशी पिवळसर तेलाचा ओघळ राहतो. थंडीसाठी माशाने राखलेली पुंजी ती हीच.

सहा आठवड्यांनी आकडे उलटे आले. निम्म्या खाद्याची पिल्लं आखूड होती, ते ठीक. पण चरबीचं प्रमाण त्यांच्यातच जास्त! पोट फाडून बघितलं तर आतड्याभोवती पांढरे चरबीचे पट्टे. सरांनी शांतपणे विचारलं, "चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस का?" मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन आठवडे जेवण गोड लागलं नाही.

दिवाळीला घरी गेले आणि तिन्हीसांजेला आजी सूप घेऊन तळ्याकडे निघालेली दिसली. सुपात कोंडा. बांधावरून थेट दुसऱ्या हाप्यात मुठी टाकत होती.

"आजी, हे कधीपासून?"

"पयल्यापास्नं. एकाला पोटभर आन् एकाला अर्धपोटी? आसलं कुटं शिकिवत्यात?"

रडू की हसू कळेना. पण सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. लांबी म्हणजे मुख्यतः स्नायू, आणि स्नायूला प्रथिनं लागतात. ती पेंडीत भरपूर, कोंड्यात जेमतेम. तेल मात्र कोंड्यात पुष्कळ. आजीच्या पिल्लांना ऊर्जा मिळत होती, पण अंग बांधायला माल मिळत नव्हता. मग उरलेली ऊर्जा चरबीत जाणारच. राखून ठेवणं हा त्यांचा शहाणपणा नव्हता, नाइलाज होता.

सगळं नव्याने मांडलं, नवी पिल्लं आणि या वेळी तीन हापे. तिसरा अधिकृतपणे आजीचा: निम्मं खाद्य, वर कोंडा, पण मोजून. "मोजून" या शब्दावर तिने तोंड वाकडं केलं.

जानेवारीत सकाळचं पाणी 19 अंशांवर आलं तेव्हा निम्म्या खाद्याच्या हाप्याने मला फसवलंच असतं. त्यांची वजनं फारशी उतरली नव्हती. वाळवल्यावर कळलं. थंडीआधी 8 ग्रॅमचा मासा वाळून 1.7 ग्रॅम भरायचा, आता जवळपास तेवढाच मासा 1.3. चरबी जळते तसं तिच्या जागी पाणी भरतं, आणि तराजूला चरबी-पाण्यातला फरक कळत नाही. लांबी तर कमी होतच नाही. बघायला गेलं तर नुसतं डोकं मोठं दिसतं आणि पाठ सुरीसारखी. वडील हातात घेऊन म्हणाले, "पोकळ झालीत." ते ओव्हनशिवायच कळलं त्यांना.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, वरून कोंडा घालायच्या गटाची कल्पना कशी सुचली. मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या आणि पुढचा प्रश्न यकृतातल्या ग्लायकोजेनचा, म्हणजे तिथे साठवलेल्या साखरेचा, विचारला, जो मला आला नाही.

संध्याकाळी आजीचा फोन. परीक्षेचं काही नाही, थेट मुद्द्यावर. "माझी पोरं किती भरली?"

"पोटभर खाणाऱ्यांपेक्षा बुटकी, आजी. पण थंडीत चरबी त्यांच्याच अंगावर जास्त उरली."

"मंग," ती म्हणाली आणि फोन वडिलांकडे दिला.